हाडांसाठी कॅल्शियमच्या तीन तऱ्हा वर्षभर करून पाहिल्या, त्याचा रिव्ह्यू

मागच्या वर्षी एप्रिलमधे गच्चीवरच्या कुरड्या उचलून खाली येत होती, शेवटच्या पायरीवर पाय सरकला, हात टेकला अन् मनगटच मोडलं. वय ५९. धंतोलीत प्लास्टर झालं, डॉक्टरांनी लगेच डेक्सा (हाडांची घनता मोजायचा एक्स-रे) करायला लावला, कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती तो आकडा, उणे २.७ निघाला. उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ व्हायचा आजार. अन् डी व्हिटॅमिन नुसतं ११, म्हणजे फारच कमी. नागपुरात राहून ११! मी म्हटलं मशीन बिघडली असेल, तर डॉक्टर हसले, म्हणे ऊन भरपूर आहे हो, पण तुम्ही सगळ्या दुपट्टा गुंडाळून डोळेच तेवढे उघडे ठेवता. आता ४५ डिग्रीत उघड्या हातांनी कोण फिरून राहिलं बाप्पा.

त्यांनी दिलं ते असं: आठवड्यातून एकदा हाडांची झीज कमी करायची ॲलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी, रोज कॅल्शियम, अन् डी चं ६०,००० युनिटवालं पाकीट आठवड्याला एक, असे आठ आठवडे. यातली ॲलेंड्रोनेट मी घेतलीच नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या त्यानं जबड्याचं हाड सडतं, मी घाबरली. (होतं तसं, पण या डोसला फारच क्वचित, हे नंतर कळलं.) म्हटलं नुसत्या सप्लिमेंटवर काढू. तर आता ऐका.

पहिली तऱ्हा साधीच, कॅल्शियम कार्बोनेट, कोणत्याही मेडिकलमधे मिळते ती. पाकिटावर १२५० लिहिलेलं असतं, ते अख्ख्या कार्बोनेटचं वजन, त्यातलं खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, म्हणजे ४० टक्के. स्वस्त आहे, चांगली आहे, पण मी ती घेऊन कशी राहिली होती ते सांगते. सकाळी उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल अन् ही, तिन्ही एका घोटात, काम खतम. तीन महिन्यांनी थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच वर गेलेला, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरत नव्हती, पोट घट्ट, अन् कॅल्शियमचा फायदा किती झाला देवच जाणे. कार्बोनेट विरघळायला पोटात ॲसिड लागतं, म्हणून ती जेवणासोबत घ्यायची, अन् मी तर ॲसिड बंद करायचीच गोळी खाऊन राहिली होती. अन् थायरॉइडच्या गोळीत अन् कॅल्शियममधे चार तास पाहिजे, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी नीट लागत नाही. मेडिकलवाले भाऊ दर महिन्याला तिन्ही स्ट्रिपा एकाच पुडीत बांधून द्यायचे, कधी एका शब्दानं बोलले नाहीत. मीही विचारलं नाही म्हणा.

दुसरी, आयुर्वेदिक. नागपूरच्याच महाल भागातल्या एका वैद्यांकडे गेली, त्यांनी हाडजोडच्या गोळ्या, लाक्षादी गुग्गुळ अन् प्रवाळ पिष्टी दिली. हाडजोड म्हणजे आपली कांडवेल, चौकोनी देठाची, आमच्या गल्लीतच एकीच्या कुंपणावर चढलेली आहे. मला अतिशहाणपण सुचलं, फुकटात मिळते तर काहून विकत घ्या, म्हणून देठ तोडून थोडा चावला, तर जीभ अन् घसा तासभर खाजला. तिच्यात ऑक्झलेट असतं, कच्ची खायचीच नाही. गोळ्यांनी पोट छान राहिलं, संध्याकाळी गुडघे हलके वाटायचे, खोटं काहून बोलू. पण हिशोब करा: प्रवाळ म्हणजे पोवळं, तेही मुख्यतः कार्बोनेटच, २५० मिलिग्रॅम दोनदा घेतलं तरी कॅल्शियम २०० च्या वर जात नाही. अन् आमच्या वयाच्या बाईला दिवसाला १२०० लागतं. हाडजोडनं हाडाची घनता वाढते याचा भक्कम पुरावा नाही. वैद्यांनी स्वतःच सांगितलं होतं की डॉक्टरची गोळी सोडू नका, त्यांचा दोष नाही.

तिसऱ्या तऱ्हेनं मात्र चांगलंच फसवलं. मुलगी अमेरिकेत असते, तिनं बरणी पाठवली. समुद्रातल्या शेवाळाचं कॅल्शियम, सोबत व्हिटॅमिन के-टू, मॅग्नेशियम, बोरॉन अन् स्ट्रॉन्शियम. गोळी केवढी तर भुईमुगाच्या शेंगेएवढी, अन् पुढे मोठ्या अक्षरात कॅल्शियमचा आकडा असला तरी मागे बारीक लिहिलेलं की तो आकडा चार गोळ्यांचा. चार महिने रोज चार शेंगा गिळल्या. वर्ष झालं म्हणून परत डेक्सा केला, कणा उणे २.३! मी घरात संत्रा बर्फी आणली, काकूंना नेऊन दाखवला रिपोर्ट.

मग डॉक्टरांकडे बरणी घेऊनच गेली, जरा ऐटीतच. त्यांनी मागची बाजू वाचली अन् म्हणाले, "ताई, यात स्ट्रॉन्शियम आहे." स्ट्रॉन्शियमचा अणू कॅल्शियमपेक्षा जड, हाडात जाऊन बसतो अन् एक्स-रे जास्त अडवतो, म्हणून मशीनला हाड आहे त्यापेक्षा भरीव दिसतं. त्यातलं खरं किती अन् दिखाऊ किती हे त्या कागदावरून कळत नाही, अन् बंद केलं तरी ते हाडात बराच काळ राहतं, म्हणजे पुढचा रिपोर्टही बिनभरवशाचा. याचाच भाऊ स्ट्रॉन्शियम रॅनेलेट, ते औषध म्हणून मिळायचं, त्यावर २०१४ मधे युरोपात हृदयाच्या धोक्यामुळे बंधनं आली. आणि शेवाळाचं कॅल्शियम? तेही कार्बोनेटच. फिरून तिथंच. के-टू बद्दल एक सांगून ठेवते, घरात कोणी वॉर्फरिनवर असेल तर डॉक्टरला न विचारता देऊ नका, रक्त पातळ ठेवायच्या औषधाच्या उलट काम करतं ते.

आता काय चालू आहे? कॅल्शियम सायट्रेट, एक नाश्त्यानंतर दहाला, एक रात्री. यात कॅल्शियम २१ टक्केच असतं म्हणून गोळ्या जास्त अन् खर्चही, पण ॲसिडिटीच्या गोळीसोबत चालते अन् माझं पोट साफ आहे. एका वेळी ५००-६०० च्या वर शरीर नीट घेतच नाही, म्हणून दोनदा. बाकीचं ताटातून, नाचणी १०० ग्रॅममधे साडेतीनशेच्या आसपास, तीळ, दही. जास्त गोळ्या खाऊन उपयोग नाही, अमेरिकेत ३६ हजार बायकांवर केलेल्या २००६ च्या अभ्यासात कॅल्शियम अन् डी घेणाऱ्यांत मुतखडे १७ टक्के जास्त निघाले, अन् आमच्या घरी यांना आधीच दोनदा झालाय, तो त्रास पाहिलाय मी. डी चं पाकीट आता महिन्यातून एक, तेही तपासणी करून. काही लोक ते सरबतासारखं दर आठवड्याला वर्षानुवर्षं पिऊन राहिले, रक्तात कॅल्शियम वाढतं त्यानं.

आणि हो, ॲलेंड्रोनेट सुरू केली. दर रविवारी उपाशीपोटी भरपूर साध्या पाण्यासोबत, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही. तेवढ्या वेळात मी गच्चीवर झाडांना पाणी घालून येते, जिन्याला आता कठडा लावून घेतलाय.

स्टार द्यायचे तर सायट्रेटला चार, कार्बोनेटला जेवणासोबत घेतली तर तीन, आयुर्वेदाला पोटासाठी दोन, बरणीला शून्य. बरणी तशी मजबूत आहे, घट्ट झाकणाची. गोळ्या काढून टाकल्या अन् जवसाची चटणी भरली तिच्यात. मुलीला अजून सांगितलं नाही.