केळीचा हिशोब ब्राउझरात: सीजीआय, उघडं टर्मिनल की साधा फॉर्म?

रावेरच्या मित्राने पायथनमध्ये केळीच्या हिशोबाचा प्रोग्राम लिहिलाय. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत तो एकेक विचारत जातो: नवती (नवी लागवड) की पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांचा बाग)? घड किती? वजन? भाव? आता तो शेतकऱ्यांच्या मोबाइलवर हवाय. "सर्व्हरवर टाकला की झालं ना, भो?"

नाही झालं. आधी सीजीआयने, म्हणजे वेब सर्व्हरकरवी प्रोग्राम चालवून, चढवला. १९९३ पासूनची पद्धत, खर्च जवळपास शून्य. दर विनंतीला सर्व्हर नवी प्रोसेस (प्रोग्रामची चालती प्रत) सुरू करतो, फॉर्ममधली माहिती तिच्या हाती देतो, उत्तर घेतो आणि प्रोसेस संपते. मधेच थांबून विचारायची सोय नाही. पहिल्याच इनपुटला ईओएफएरर (वाचायला काहीच उरलं नाही) आला, मोबाइलवर नुसतं ५००, म्हणजे सर्व्हरवर बिघाड. पलीकडे कीबोर्डच नाही, तो कोणाला विचारणार? (जुने धडे बघून शिकत असाल तर जपून: पायथन ३.१३ मधून 'सीजीआय' मॉड्यूल काढलंय. पद्धत मात्र अजून चालते.)

मग टीटीवायडी. हे प्रोग्रामला खोटं टर्मिनल देतं आणि वेबसॉकेटवरून (ब्राउझर-सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी) तीच काळी खिडकी ब्राउझरात दाखवतं. कोडची एक ओळ बदलावी लागत नाही. प्रश्न दिसला, पण उत्तर टाइपच होईना. अर्धा तास कीबोर्ड बडवल्यावर कळलं, नव्या आवृत्तीत लिहायची परवानगी कॅपिटल 'डब्ल्यू' पर्यायाने वेगळी द्यावी लागते. मित्र खूश. मी नाही. जितक्या खिडक्या उघड्या, तितक्या प्रोसेस चालू. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज गेली की जोडणी तुटते, प्रोग्राम बंद, पुन्हा 'नवती की पिलबाग?' पासून. शिवाय प्रोग्राममधून शेलपर्यंत (जिथून सर्व्हरला थेट आज्ञा देता येतात) वाट निघत असेल तर ती अख्ख्या जगाला उघडी. पोरांना सी किंवा लिनक्स शिकवायला मात्र याच्यासारखं साधन नाही.

तिसरा मार्ग फ्लास्कचा, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायच्या साधनाचा. प्रोग्राम कायम चालू, आधीची उत्तरं सेशनमध्ये (प्रत्येक वापरणाऱ्याची वेगळी आठवण). पिलबाग म्हटल्यावर पुढचे प्रश्न बदलणार असतील तर हाच घ्या. त्यासाठी इनपुटच्या ओळी काढून हिशोब वेगळ्या फंक्शनात न्यावा लागतो.

ते काम मित्राने एका रात्रीत केलं, आणि मग दिसलं की चारही प्रश्न एकाच पानावर मावतात. फॉर्म भरला, बटण दाबलं, उत्तर आलं. एवढ्याला सीजीआय पुरतं, फ्लास्कही लागला नाही. पहिल्या शेतकऱ्याची तक्रार वेगळीच निघाली: घडांच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड का येत नाही?