ताडोब्यासाठी कॅमेरा: वापरलेला डी५०० की नवा झेड५०-टू?

१ ऑक्टोबरला ताडोब्याचा कोअर (जंगलाचा आतला, मुख्य भाग) उघडतो आणि त्याच्या आधी महिनाभर मला नागपूरकरांचे फोन सुरू होतात: दीड-दोन लाख जमवलेत, नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) घेऊ की कोणाचा तरी वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला)? ‘मिररलेसच घे, आता जमाना त्याचाच आहे’ असं सांगून मोकळं होता येतं. कॅननचा १डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी६, दोन्ही २०२० चे. त्यानंतर या दोघांनीही त्या तोडीचा नवा डीएसएलआर काढलेला नाही. पण नागपूरकराचा कॅमेरा चालतो कुठे? हिवाळ्यात अंबाझरी, फुटाळा, सायकी, पारडगावच्या तलावांवर, आणि उन्हाळ्यात ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याच्या धुळीत. त्या हिशेबाने बघितलं तर उत्तर इतकं सरळ निघत नाही.

तुलनेला निकॉनची जोडी घेतो. डी५०० हा २०१६ चा डीएसएलआर, २०२२ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, आता तो वापरलेलाच मिळतो. झेड५०-टू हा नोव्हेंबर २०२४ चा मिररलेस, नवी बॉडी साधारण पाऊण लाखाला. दोघांचा सेन्सर एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे लेन्सची पोच दीडपट होते), दोघांचेही मेगापिक्सेल २०.९. म्हणजे मधल्या आठ वर्षांत नेमकं काय बदललं ते या जोडीत उघडं दिसतं.

मोबाइलचं आधी उरकून टाकू

‘माझ्या फोनचा झूम बघितला का’ म्हणणारा एक तरी ग्रुपमध्ये असतोच. फोन खरंच फार पुढे गेलेत. विवो एक्स३०० प्रोवर वेगळी टेलिलेन्स चढवता येते आणि पल्ला २०० मिमीच्या आसपास जातो. आयफोन १७ प्रोही ८एक्सला तेवढंच दाखवतो. पण एपीएस-सी कॅमेऱ्यावर साधी ७०-३०० मिमीची लेन्स लावली तरी ४५० मिमीइतकी पोच मिळते, आणि २००-५०० लावली तर ७५०.

ते सोडा, ताडोब्यात सफारीला मोबाइल नेताच येत नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी घेरलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि तेव्हापासून बाकीच्या जंगलांतही मोबाइलबाबत कडकपणा आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई केली. म्हणजे फोन कितीही भारी असला तरी वाघासमोर तो बॅगेत किंवा गेटवर.

फोटो सारखाच, फोकस वेगळा

दोन्ही कॅमेऱ्यांवर एकच लेन्स, एकच आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता), समोर निवांत बसलेला ढोकरी बगळा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने संस्कार न केलेला कच्चा फोटो) मोठी करून बघा, कुठली कोणाची ते ओळखणं अवघड जातं. रंगात थोडाफार फरक असतो, नॉइजमध्ये (फोटोतल्या दाण्यांत) सांगण्यासारखा नाही. ‘नवीन आहे म्हणजे फोटो चांगला येईल’ या भरवशावर कोणी झेड५०-टू घेत असेल तर त्याने थांबावं.

फरक आहे तो फोकसमध्ये. आणि तो जिथे आहे तिथे प्रचंड आहे.

कवड्या खंड्या घ्या. अंबाझरीच्या पाण्यावर तो एका जागी पंख फडफडवत थांबतो, मान खाली, आणि सरळ सूर मारतो. डी५०० चे १५३ फोकस पॉइंट त्या काळात अव्वल होते, आजही वेगात कमी नाहीत. पण पॉइंट पक्ष्यावर ठेवायचं काम तुमचं. हात जरा हलला की फोकस मागच्या लाटांवर, आणि सेकंदाला १० फ्रेमच्या बर्स्टमध्ये (सलग फोटोंत) पाणी सुरेख येतं, खंड्या धूसर. शिवाय कधी चोचीवर, कधी पंखावर. सरावाने जमतं, नाही असं नाही. डी५०० वर पक्ष्यांचे एकाहून एक फोटो काढणारे विदर्भात आहेत. पण त्यांचे हात वर्षानुवर्षं त्यात बसलेत.

झेड५०-टूमध्ये बर्ड डिटेक्शन (पक्षी आपोआप ओळखण्याची सोय) लावलं की एक बारीक चौकट पक्ष्याच्या डोळ्यावर जाऊन बसते आणि पक्षी फ्रेममध्ये फिरला तरी डोळा सोडत नाही. तुम्ही फक्त त्याला फ्रेममध्ये ठेवायचं. त्यात प्री-रिलीज कॅप्चर आहे. शटर अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा आतल्या आत फोटो साठवत राहतो, आणि पूर्ण दाबल्यावर त्याच्या आधीच्या एक सेकंदापर्यंतचे फोटोही देतो. फांदीवरून उडणाऱ्या खंड्यासाठी याच्यासारखी सोय नाही, कारण आपण बोट दाबेपर्यंत तो गेलेला असतो. हे फोटो जेपीईजीच मिळतात, रॉ नाही, आणि इलेक्ट्रॉनिक शटरमुळे झपाट्याने हलणारे पंख कधी कधी वाकडे येतात. तरीही डी५०० ला हे करताच येत नाही.

आणखी एक, शिकणाऱ्यासाठी मोठं. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. काळ्या पाण्यावरचा पांढराशुभ्र बगळा जळून जाणार, म्हणजे नुसता पांढरा डाग होणार असेल तर दाबण्याआधीच कळतं. डीएसएलआरमध्ये दाबा, मागे बघा, सुधारा. तोवर बगळा उडाला.

आता वाघाकडे या. फोकसच्या दृष्टीने वाघ फार सोपा प्राणी आहे. मोठा, बहुतेक वेळा संथ, रस्त्याने तुमच्याच दिशेने चालत येणारा. डी५०० चा एक पॉइंट तोंडावर ठेवला की काम झालं. उलट वाघ बांबूच्या आड असला तर आपोआप डोळा शोधणारी चौकट कधी कधी पुढच्या काड्यांवर अडकते आणि मिररलेसवाल्यालाही शेवटी एकच पॉइंट निवडावा लागतो. म्हणून ज्याला वर्षातून दोन-तीन सफाऱ्या करायच्यात आणि वाघच टिपायचाय, तो झेड५०-टूच्या फोकसचे पैसे उगाच मोजतो.

खरा खर्च लेन्सचा

बॉडीवर तासन् तास वाद घालणारे लेन्सवर पाच मिनिटं बोलत नाहीत. झेड माउंटची, म्हणजे निकॉनच्या मिररलेसला थेट बसणारी १८०-६०० घ्यायला गेलात तर ती एकटीच बॉडीच्या दुपटीच्या घरात जाते, म्हणजे दोन लाखांचं गणित तिथेच कोलमडतं. डी५०० बरोबर जी लेन्स बहुतेक जण वापरतात ती २००-५०० एफ/५.६, २०१५ ची, वापरलेली सहज मिळते.

या दोन लेन्सचा जिप्सीतला फरक मात्र लिहून ठेवण्यासारखा आहे. २००-५०० झूम करताना पुढे लांब होते, आणि २०० वरून ५०० ला न्यायला मनगट दोनदा फिरवावं लागतं. १८०-६०० चा झूम आतल्या आत होतो, लांबी बदलत नाही, आणि थोड्या वळशात इकडून तिकडे जाते. मे महिन्यात पुढच्या जिप्सीने उडवलेल्या धुळीत, शेजाऱ्याचं कोपर बरगडीत असताना, हे दोन्ही जाणवतं. वजनाने दोन्ही दोन किलोच्या आसपास, त्यामुळे लेन्स टेकवायला बीन बॅग (भरलेली पिशवी) लागणारच. सफारीत ट्रायपॉडचा विचारही नको.

मधला मार्ग आहे, आणि बहुतेकांना मी तोच सांगतो: झेड५०-टूची नवी बॉडी, एफटीझेड अडॅप्टर (डीएसएलआरच्या लेन्स मिररलेसवर बसवणारा) आणि वापरलेली २००-५०० एफ/५.६. अडॅप्टरवर तिचा ऑटोफोकस चालतो, पक्ष्याचा डोळाही धरतो. पुढेमागे पैसे जमले की लेन्स बदला.

घरात किंवा एखाद्या लग्नवाल्या फोटोग्राफर काकांकडे निकॉनच्या जुन्या ‘डी’ लेन्स पडून असतील, ८०-२०० एफ/२.८ किंवा ५० एफ/१.८, तर सावधान. त्यांना स्वतःची मोटर नसते, बॉडीतली मोटर फिरवते. डी५०० मध्ये ती आहे. झेड५०-टूवर एफटीझेड लावूनही या लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात.

पैसे वाचवायला एफ/८ वर संपणारी झूम घ्यावी का? एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्समधून उजेड कमी. डिसेंबरमध्ये सकाळी गेट उघडतं तेव्हा धुकं असतं आणि उजेड नावालाच. एफ/५.६ वर सेकंदाच्या १/५०० शटरला आयएसओ ३२०० लागत असेल तर एफ/८ वर तोच फोटो ६४०० मागतो. यावर आता लोक म्हणतात, लाइटरूम सॉफ्टवेअरचं दाणे काढणारं डीनॉइज आहे ना! आहे, आणि २०२३ पासून त्याने फार फरक पाडलाय. पण ते रॉवर चालतं आणि त्याला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. जुन्या लॅपटॉपवर एकेका फोटोला चहा पिऊन यावं. लॅपटॉप बदलायचा तर तिथेही महागाई: एआयच्या सर्व्हरांनी मेमरी चिप ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव दुपटीवर गेले. लेन्समध्ये वाचवलेले पैसे असे कॉम्प्युटरमध्ये जातात.

धूळ, बॅटरी, कार्ड

बॅटरीत डी५०० ला तोड नाही: ठरलेल्या चाचणीनुसार एका चार्जमध्ये १२४० फोटो. झेड५०-टू त्याच मापाने अडीचशेच्या आसपास. बर्स्टमध्ये प्रत्यक्षात यापेक्षा बरेच जास्त निघतात, तरी सकाळच्या सफारीला खिशात दुसरी बॅटरी हवीच. तो यूएसबी-सीने चार्ज होतो, पॉवर बँक गाडीत ठेवा.

डी५०० दणकट, बॅटरीसकट ८६० ग्रॅम. झेड५०-टू ५५० ग्रॅम. धुळीत लेन्स बदलू नका हे दोन्हीला लागू, पण मिररलेसचा सेन्सर लेन्स काढली की समोर उघडाच असतो, डीएसएलआरमध्ये निदान आरसा आणि शटर मध्ये असतात. आवाजाचं उलट. पाणवठ्यावर सगळं चिडीचूप असताना डी५०० चा खटखटाट हरणाचे कान टवकारतो. झेड५०-टू इलेक्ट्रॉनिक शटरवर मुका होतो.

व्हिडिओचा विचार असेल तर पुढे वाचायची गरज नाही, मिररलेस घ्या. डी५०० चा लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघतानाचा) फोकस चाचपडतो आणि ४के मध्ये फ्रेम आणखी कापली जाते.

आणि डी५०० घेणाऱ्यांनी एक्सक्यूडी या मेमरी कार्डाचं लक्षात ठेवावं. त्याच्या दोन स्लॉटपैकी वेगवान स्लॉट एक्सक्यूडीचा, आणि नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात फिरून बघा, ते कार्ड आता सहजी मिळत नाही. २०२० च्या शेवटी आलेल्या फर्मवेअरनंतर (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरनंतर) तिथे सीएफएक्सप्रेस टाइप-बी कार्डही चालतं. विकणाऱ्याने फर्मवेअर टाकलंय का ते मेनूत तपासा आणि कार्ड बरोबर देतो का तेही विचारा.

वापरलेला घेताना

डी५०० चं शटर २ लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे. जेपीईजी काढून त्याच्या माहितीत शटर काउंट बघता येतो, विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे ठिपके दिसतील. ते साफ होतात, घाबरण्यासारखं नाही. लेन्समधली बुरशी मात्र वेगळी गोष्ट. टॉर्च लावून मागून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडा, विशेषतः मुंबई-कोकणातून आलेली असेल तर. मूळ बॅटरीच्या नावाखाली नकली ठेवायची पद्धतही जोरात आहे.

कॅननवाल्यांचं गणित थोडक्यात. ९०डी हा डीएसएलआर विरुद्ध आर७ हा मिररलेस, दोघांनाही ३२.५ मेगापिक्सेल, आणि डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर आर७ ला सुरळीत चालतात. त्यामुळे ज्याच्याकडे ईएफ लेन्स आहेत त्याने आर७ कडे जावं; फक्त त्याच्या इलेक्ट्रॉनिक शटरच्या सेकंदाला ३० फ्रेमच्या मोहात उडत्या पक्ष्यांचे पंख वाकडे येतात, तेव्हा मेकॅनिकल शटरच्या १५ फ्रेमवरच राहा. मिररलेससाठीची आरएफ १००-४०० जेमतेम ६३५ ग्रॅमची आणि फार गोड लेन्स, पण एफ/८. वर धुक्याचं लिहिलंय ते तिलाही लागू.

तर कोणी काय घ्यावं? पक्षी हा छंद असेल, पारडगावला पट्टकादंबांसाठी पहाटे उठून जाणारे तुम्ही असाल, तर झेड५०-टू, कर्जाचे दोन हप्ते वाढले तरी. सफारीपुरताच हौशी असाल आणि घरात निकॉनच्या लेन्स असतील तर चांगल्या हातातला डी५००, आणि उरलेल्या पैशांत दोन सफाऱ्या जास्त करा. काहीच नसेल, अगदी पहिलाच कॅमेरा असेल, तर डी५०० नको. त्याचे सुटे भाग आणि कार्ड दरवर्षी दुर्मीळ होत जाणार.

घरी आणल्यावर ठेवायचा कुठे, हेही ठरवा. नागपूरची हवा कोरडी म्हणून लोक निर्धास्त असतात, पण एप्रिल ते जून घराघरांत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो आणि ती खोली दमट होते. कॅमेऱ्याची बॅग कूलरच्या खोलीत, कापडी कपाटात ठेवली की बुरशीला आयतं घर. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. पुड्यांचा रंग बदलला की त्या उन्हात किंवा मंद तव्यावर वाळवायच्या.