डोमिनियन: मिळवलेला पत्ता कुठे जातो आणि हाती केव्हा येतो

डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांनी रचलेला ‘डोमिनियन’ हा, सामाईक ढिगांतून पत्ते मिळवत प्रत्येकाने आपापली गड्डी घडवण्याचा पत्त्यांचा खेळ २००८ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच्या मूळ संचाची दुसरी आवृत्ती आणि ‘प्रॉस्पेरिटी’ या विस्तारसंचाची पहिली आवृत्ती आमच्या घरी गेले अनेक महिने नियमित खेळली जात आहे. नवा पत्ता मिळाल्यावर तो कुठे ठेवायचा, या एका नियमातच या खेळाची खरी खोली आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

मिळवलेला पत्ता, वेगळे काही सांगितलेले नसेल तर, थेट आपल्या टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात जातो. तो ढीग पिसून त्याची पुन्हा गड्डी होईपर्यंत त्या पत्त्याचा सहसा उपयोग नसतो, आणि ही वाट पाहणे फार विचारपूर्वक योजलेले आहे. सुरुवातीला प्रत्येकाकडे ७ कॉपर (नाण्यांचे पत्ते) आणि ३ इस्टेट (गुणांचे पत्ते) असतात. पहिल्या दोन पाळ्यांत एकेक पत्ता घेतला की १२ पत्ते पिसले जातात, पण तिसऱ्या आणि चौथ्या पाळीच्या पाच-पाच पत्त्यांच्या हातांत मिळून त्यांतले १०च येतात. त्यामुळे एखादा विशिष्ट नवा पत्ता तळाच्या दोनांत अडकण्याची शक्यता सहात एक असते, तर दोन नव्या पत्त्यांपैकी निदान एक अडकण्याची शक्यता जवळजवळ एक-तृतीयांश असते. नवे खेळाडू गड्डी संपताक्षणी पिसायला घेतात, ते मात्र चूक आहे. पत्ता ओढायचा आहे आणि गड्डीत पत्ता उरलेला नाही, अशी वेळ आली तरच पिसायचे. घाई केली तर त्याच पाळीत पुढे घेतलेले पत्ते नव्या गड्डीबाहेर राहतात आणि सगळा हिशेब बिघडतो.

या सामान्य नियमाला अपवाद करणारे पत्ते मला सर्वांत आवडतात. ‘माइन’मुळे मिळालेले नाणे हातात येते, त्यामुळे त्याच पाळीच्या खरेदीत ते वापरता येते. ‘ब्युरोक्रॅट’मुळे मिळालेले सिल्व्हर हे नाणे गड्डीवर बसते आणि बहुधा पुढच्या हातात येते. ‘हार्बिंजर’ टाकलेल्या ढिगातला कोणताही एक पत्ता उचलून गड्डीवर ठेवू देतो. मागच्या पाळीत घेतलेला महागडा पत्ता इतक्या लवकर परत आणण्याचे समाधान मोठे आहे.

‘प्रॉस्पेरिटी’त काम अधिक नाजूक होते. पत्ता विकत घेतलेला असो वा ‘वर्कशॉप’सारख्या पत्त्याने फुकट मिळालेला असो, हातातले ‘वॉचटॉवर’ दाखवून तो गड्डीवर ठेवता येतो किंवा कायमचा बाद करता येतो. शेजारी, मिळालेला पत्ता गड्डीवर ठेवू देणारे ‘रॉयल सील’ही मांडलेले असेल, तर दोन्हींचा क्रम खेळाडूनेच ठरवायचा असतो. आमच्याकडे यावर बराच वाद झाला. उत्तर असे की, ज्या परिणामाला पत्ता त्याच्या अपेक्षित जागी सापडत नाही, तो परिणाम त्याला हलवू शकत नाही. म्हणून वॉचटॉवरने बाद केलेला पत्ता रॉयल सील गड्डीवर आणू शकत नाही. हे तत्त्व एकदा समजले की बहुतेक शंका आपोआप सुटतात.

इतरांना ‘कर्स’ हा गुण घटवणारा पत्ता देणाऱ्या ‘विच’पासून बचाव करतानाही क्रम लक्षात ठेवावा लागतो. वॉचटॉवर कर्स पत्त्याला वाटेत अडवत नाही. तो आधी मिळतो आणि मग बाद होतो. त्यामुळे कर्सचा ढीग, दोघांच्या खेळात १० पत्त्यांचा, कमी होतच राहतो, आणि तो रिकामा झाला की खेळ संपवणाऱ्या तीन रिकाम्या ढिगांत त्याचीही गणना होते. आपण गुणांत मागे असताना हे विसरणे महागात पडते.

नव्याने खेळ घेणाऱ्यांनी आधी फक्त मूळ संच घ्यावा. विकत न घेताही पत्ता मिळू शकतो, ही गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडल्यावरच ‘प्रॉस्पेरिटी’ आणावा.