पोच हातातून गेली आणि 27,500 रुपये बुडाले

अ‍ॅडव्हान्स वेळेवर देऊन विश्वास संपादन करायचा आणि पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती, हाती येताच फोन बंद करायचा, ही भाडे मिळवून देणाऱ्या दलालांची रीत गाडीमालकांना नव्याने सांगायला नको. तरीही लिहितो आहे, कारण माझे पैसे बुडवणारा माणूस आजही नव्या नंबरवरून गाड्या भरतो आहे.

मराठवाड्यातल्या एका कारखान्यातून बेंगळुरूसाठी 25 टन सळई, टनाला 2,600 प्रमाणे 65,000 रुपये भाडे, त्यातून 1,500 दलाली वजा, 40,000 अ‍ॅडव्हान्स आणि उरलेले 23,500 गाडी खाली होताच, असा व्यवहार या दलालाशी फोनवर ठरला होता. अ‍ॅडव्हान्स डिझेल आणि टोलमध्येच संपला. गाडी खाली व्हायला उशीर झाला, त्याचे 4,000 रुपये हॉल्टिंगही त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले होते.

खरी गोष्ट बिल्टी, म्हणजे मालासोबतची वाहतूक पावती, हातात आली तेव्हाच दिसत होती. केबिनच्या दिव्याखाली ती गुलाबी प्रत उघडली, तर वर भलत्याच ट्रान्सपोर्टचे नाव छापलेले, भाड्याच्या रकान्यात ‘टू बी बिल्ड’ (भाड्याचे बिल नंतर होणार) असा शिक्का आणि दलालाचे नाव कुठेच नाही. अ‍ॅडव्हान्सही तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यातून आला होता. मी विचारले, तर म्हणाला, “शेठ, ती आपलीच दुसरी फर्म आहे, बिनधास्त निघा.” त्या क्षणी मी काय करायला हवे होते, हे घरी बसून सांगणे सोपे आहे. ताडपत्री बांधून झाली होती, मागे गाड्यांची रांग होती आणि 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्यासाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत सुरू झाली होती. मोकळी गाडी नाकारता येते, भरलेली कोणाच्या दारात उभी करणार?

बेंगळुरूत त्याने सही-शिक्क्याच्या पोचेचा फोटो मागितला आणि मूळ प्रत गेटवर आलेल्या आपल्या माणसाकडे द्यायला लावली. त्यानंतर फोन लागला नाही. बिल्टीवरच्या ट्रान्सपोर्टला विचारले, तेव्हा कळले की त्यांनी ही गाडी त्याच्याकडून 72,000 रुपयांना घेतली होती आणि पोच मिळताच पूर्ण रक्कम चुकती केली होती. पैसे खात्यात दिसल्याशिवाय मूळ पोच सख्ख्या भावालाही देऊ नका.

यानंतर जे झाले त्याचा संताप जास्त आहे. माल भरलेल्या गावचे पोलीस म्हणाले, तुमच्या गावी तक्रार द्या. माझ्या गावचे म्हणाले, घटना इथली नाही आणि प्रकरण दिवाणी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी नोंदवून घ्यावी लागते, हे मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा मला बाहेर बाकावर बसवून ठेवण्यात आले. रस्त्याने मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्यात ‘सामान्य वाहक’ या व्याख्येत दलालसुद्धा येतो आणि नोंदणीशिवाय त्याला हा धंदा करता येत नाही. परिवहन कार्यालयात या माणसाची नोंदणी आहे का, असे विचारले, तर या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवले गेले. माझ्या गाडीची ताडपत्री वीतभर जास्त उंच दिसली, तर याच यंत्रणेला कायदा तोंडपाठ असतो!

बाकी मिळेना म्हणून माल मात्र अडवून धरू नका. अपहाराची तक्रार उलट तुमच्यावर होईल. ई-वे बिलावर माल पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव व जीएसटी क्रमांक असतो. त्यावरून दोघांचे फोन शोधा आणि बाकी कोण देणार, हे बिल्टीवरच्या ट्रान्सपोर्टकडून गेट सोडण्याआधी लेखी मेसेजमध्ये घ्या.

मी आता पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी अर्ज पाठवला आहे आणि तिथे दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे. याच पद्धतीने ज्यांची बाकी बुडाली असेल त्यांनी मेसेज पुसू नयेत, अ‍ॅडव्हान्स कोणत्या खात्यातून आला त्याचा बँकेचा उतारा काढावा आणि आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची शिक्का मारलेली प्रत घ्यावी.