बीजिंग-शांघाय बुलेट ट्रेन: चीन बघायचाय तर सेकंड क्लासने जा

चीनला जाणारी आपली बहुतेक मंडळी ग्रेट वॉल बघतात, शांघायच्या टॉवरसमोर फोटो काढतात आणि काय प्रगती केलीय राव म्हणत परत येतात. ते सगळं बघाच, पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिथली माणसं कशी बदलली हे कळायला हवं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, बीजिंग साउथ स्टेशनवरून शांघायच्या होंगछियाओ स्टेशनला जाणारी, 'G' अक्षराने नंबर सुरू होणारी गाडी पकडा, आणि तिकीट सेकंड क्लासचंच काढा. बिझनेस क्लासची सीट पूर्ण आडवी होते, छान झोप लागते, पण तिथे माणसं मोजकीच असतात आणि आपल्याला तर माणसंच बघायचीयेत ना.

आधी सर्व्हिसबद्दल. अंतर १३१८ किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई-दिल्ली, आणि सगळ्यात फास्ट गाडी साडेचार तासांच्या आत पोचवते, ताशी ३५० ने. २०११ च्या जूनअखेरीस ही लाइन सुरू झाली, त्याआधी बरेच लोक रात्रीच्या गाडीने झोपून जायचे. सेकंड क्लासला साडेपाचशे-सहाशे युआनच्या आसपास पडतात, गाडी आणि वेळेप्रमाणे कमीजास्त. एका बाजूला तीन, एका बाजूला दोन सीट, पाय व्यवस्थित पसरता येतात, गाडी हलत नाही, वेळेवर सुटते. मला यात खोट काढायला जागाच सापडली नाही.

बुकिंग १२३०६ नावाच्या सरकारी ॲपवर, इंग्लिशमध्ये होतं, साधारण पंधरा दिवस आधी तिकिटं खुली होतात. कागदाचं तिकीट नाही, तुमचा पासपोर्ट हेच तिकीट. चिनी नववर्ष आणि १ ऑक्टोबरचा आठवडा मात्र टाळा, तेव्हा अख्खा देश गावी निघालेला असतो. पैशांसाठी तिथे अलीपे किंवा वीचॅट पे ही ॲप चालतात, त्यांना व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. सीटजवळचा क्यूआर कोड स्कॅन केला की पुढच्या मोठ्या स्टेशनवरच्या हॉटेलातून जेवण मागवता येतं, ते थेट सीटवर येतं. व्हेज लोकांनी यावर अवलंबून राहू नका, दशम्या-चिवडा सोबत घ्या. उकळतं पाणी डब्यातच फुकट मिळतं त्यामुळे पाणी ओतून होणारे पोहे-उपम्याचे कप इथे कामाला येतात, चिनी लोकही त्याच पाण्यावर नूडल्सचे डबे आणि चहा करत असतात.

आता माणसं. माझ्या शेजारी आजी, आजीच्या मांडीवर नातू, आणि दोघांचं बोलणं पूर्ण रस्ताभर चालू. ट्रान्सलेटर ॲपवर थोडं बोललो तेव्हा कळलं की आजी गावी राहते आणि नातवाला सांभाळायला मुलाकडे शांघायला चाललीय. अशा आज्या प्रत्येक डब्यात दिसतात आणि त्यामागे मोठी गोष्ट आहे. १९७८ मध्ये शहरात राहणारे चिनी लोक १८ टक्क्यांच्या आसपास होते, २०२४ मध्ये ६७ टक्के झाले. पण शहरात राहायला आलं म्हणजे शहराचे झाले असं होत नाही, तिथे हुकोउ म्हणून नोंदणी असते, १९५८ पासूनची, आणि मुलांची शाळा, दवाखाना, पेन्शन या गोष्टी बऱ्याच प्रमाणात त्या नोंदणीला बांधलेल्या असतात. नियम हळूहळू सैल होतायत, पण शांघाय-बीजिंगसारख्या शहरांत अजूनही अवघड आहे. म्हणून कुठे मूल गावी आजीकडे आणि आईबाप शहरात, तर कुठे आजीच शहरात. त्यात १९८० ते २०१५ एकच मूल, आता तीन मुलांना परवानगी आहे तर जोडपी नको म्हणतात, २०२२ पासून लोकसंख्याच घटायला लागली. हे सगळं वाचून माहीत होतं पण त्या आजीकडे बघताना ते मला पहिल्यांदा नीट समजलं.

खिडकीतून बघत राहा. थिएनजिन साउथ, जिनान वेस्ट, शुझोउ ईस्ट, नानजिंग साउथ, बहुतेक स्टेशनं जुन्या शहरापासून लांब बांधलीयेत, आणि त्यांच्याभोवती नवीन शहर वसवायचं हाच प्लॅन होता. काही ठिकाणी वसलं, काही ठिकाणी नुसत्या टॉवरच्या रांगा आणि रात्री मोजकेच दिवे. शेवटी शेवटी दानयांग-कुनशान पूल येतो, १६४ किलोमीटर लांब, जगात सगळ्यात मोठा. खाली भातशेती, कालवे, तळी, जमीन मऊ, म्हणून लाइनच उचलून खांबांवर ठेवली.

एक गोष्ट मला खटकली आणि ती सांगायलाच हवी. स्टेशनात शिरताना बॅग आणि ओळखपत्र तपासतात, ते समजू शकतो. पण गाडीत अनाउन्समेंट होते की विनातिकीट प्रवास केला, सिगरेट ओढली, गोंधळ घातला तर तुमच्या वैयक्तिक क्रेडिट रेकॉर्डवर नोंद होईल. डबे स्वच्छ आणि शांत आहेत त्यात याचाही हात असेल, पण प्रत्येक प्रवास नावानिशी कुठेतरी लिहिला जातोय हे डोक्यातून जात नाही. याच लाइनच्या उद्घाटनानंतर महिनाभरात, २३ जुलै २०११ ला, वेनझोउजवळ दुसऱ्या एका लाइनवर दोन फास्ट गाड्यांची टक्कर होऊन ४० माणसं गेली होती, आणि तेव्हा लोकांनी वेइबोवर, म्हणजे ट्विटरसारख्या चिनी साइटवर, सरकारला उघड जाब विचारला होता. बीजिंग-शांघाय लाइनवर वेग सुरुवातीपासून ३०० च ठेवला होता, तो ३५० वर गेला २०१७ मध्ये. मधल्या काळात, २०१३ ला, रेल्वे मंत्रालयच मोडीत काढलं. आज तसा राग ऑनलाइन इतका टिकू देतील असं मला वाटत नाही, आणि हा बदलही स्पीडइतकाच मोठा आहे.

मराठी माणसाने अजून एक करावं, बीजिंगवरून तासा-सव्वातासात शिजियाझुआंगला जाऊन यावं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनमध्ये गेले, १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी तिथेच वारले, त्यांची समाधी आणि पुतळा तिथे आहे. लोक अजून फुलं ठेवतात.

आणि वेळ काढून दुसरी गाडी पण कराच. सिचुआनच्या दालियांग डोंगरात पुशियोंग ते पांझीहुआ जाणारी ५६३३ नंबरची स्लो ट्रेन, एसी नाही, कमीत कमी भाडं २ युआन, आणि हे दर १९९५ पासून वाढवलेले नाहीत. लाइन १९७० ची, जवळच नवीन फास्ट लाइन २०२२ मध्ये पूर्ण झाली तरी ही बंद केली नाही, कारण डोंगरातल्या यी या अल्पसंख्याक समाजाच्या लोकांना बाजाराला, शाळेला, दवाखान्यात जायला हीच परवडते. कोंबड्या, शेळ्या, डुकराची पिल्लं, भाजीच्या टोपल्या सगळं गाडीत. फास्ट ट्रेनमध्ये तुम्हाला सरकारने ठरवलेला चीन दिसतो आणि इथे त्या चीनच्या बाहेर राहिलेली माणसं, जी रोज याच देशात कमावतायत, मुलं शिकवतायत. फास्टला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, स्लोला पाच. स्लोला जाणार असाल तर सकाळी लवकर स्टेशनवर पोचा, आणि सुटे पैसे जवळ असू द्या, गाडीत भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांकडून काहीतरी घ्या.