उष्ण हवेत हरणाचे मांस टिकवताना: जाड भिंतींची बर्फपेटी आणि सुती पिशव्या, दोन हंगामांच्या वापरानंतर

गेले दोन हंगाम मी ६० लिटरची जाड भिंतींची बर्फपेटी आणि सुती कापडाच्या चार पिशव्यांचा संच हरणाच्या शिकारीनंतर मांस टिकवण्यासाठी वापरत आहे. जिथे कायदा परवानगी देतो तिथेच, परवाना घेऊन आणि ठरलेल्या संख्येची मर्यादा पाळून केलेल्या शिकारीविषयीच हे लिहितो आहे, हे आधीच सांगितलेले बरे. पेटी बनवणाऱ्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीच्या पेट्या अनेक जण विकतात आणि पुढे सांगितलेले गुणदोष बहुतेक घडणीचेच आहेत. थंडीच्या दिवसांत हे सगळे सामान जवळजवळ चैनीचे ठरते. रात्रभर सावलीत टांगलेले हरीण सकाळी आपोआप गार झालेले असते. हंगामाच्या सुरुवातीला दुपारचा पारा ३० अंशांच्या वर असतो, तेव्हा मात्र या सामानाची खरी परीक्षा होते.

पेटीच्या भिंती सुमारे पाच सेंटिमीटर जाड असून दोन प्लास्टिकच्या थरांमध्ये पॉलियुरेथेनचा फेस भरलेला आहे. झाकणाच्या कडेने रबरी पट्टी, पुढे दोन रबरी कड्या आणि तळाशी निचऱ्याचे बूच अशी तिची रचना आहे. रिकामी पेटीच १२ किलोची आहे, त्यामुळे भरलेली पेटी एकट्याने उचलण्याचा विचार करू नये. वेष्टनावर ‘सात दिवस बर्फ टिकतो’ असे ठळक लिहिलेले आहे. हे विधान खोटे नसेलही. पण असे आकडे सहसा काठोकाठ बर्फ भरलेल्या, सावलीत ठेवलेल्या आणि न उघडलेल्या पेटीचे असतात. मांस भरलेल्या पेटीला ते लागू पडत नाहीत. बाहेर ३३ अंश तापमान असताना माझ्या पेटीत दिवसाला साधारण पाच किलो बर्फ वितळत होता, आणि तो दिवसातून दोनदाच झाकण उघडल्यावरचा हिशेब आहे.

या पेटीविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की ती मांस गार करते. ती गार करत नाही. आत आलेला गारवा धरून ठेवते. मांसातली उष्णता बर्फालाच शोषून घ्यावी लागते आणि त्याचा हिशेब वहीच्या एका कोपऱ्यात मावतो. एक किलो मांस एका अंशाने गार करायला सुमारे ३.५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, तर एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. मध्यम हरणाचे २४ किलो मांस ३८ अंशांवरून ४ अंशांवर आणायचे म्हटले, तर साडेआठ किलो बर्फ केवळ त्यातच खर्ची पडतो. उन्हात तापलेली पेटी स्वतः गार होताना आणखी किलोभर बर्फ खाते, म्हणून आदल्या रात्री तिच्यात थोडा बर्फ टाकून ती गार करून ठेवावी. मात्र तेच मांस पेटीत जाण्यापूर्वी, पहाटेच्या किंवा रात्रीच्या गार हवेत, २० अंशांवर आले असेल, तर निम्म्याहूनही कमी, म्हणजे चार किलो बर्फ पुरतो. बरोबर नेलेल्या १५ किलो बर्फापैकी किती बर्फ मांस गार करण्यात जाणार आणि किती पुढच्या दोन दिवसांसाठी उरणार, हे म्हणूनच पेटीपेक्षा पहिल्या दोन-तीन तासांतल्या हातांच्या कामावर जास्त अवलंबून असते.

ते हातांचे काम म्हणजे आतला कोथळा काढणे. गरम हवेत हरणाची ओझरी फार लवकर फुगते, कारण तिच्यातले आंबणे जनावर मेल्यावर थांबत नाही. अर्ध्या तासात पोट ढोलासारखे ताणलेले दिसते आणि तेव्हा सुरीचे टोक किंचित जरी खोल गेले तरी हिरवा लगदा सगळीकडे पसरतो. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी कातडी चिमटीत धरून छोटा छेद द्यावा, त्यातून डाव्या हाताची दोन बोटे आत घालून कातडी वर उचलावी आणि त्या बोटांच्या मधोमध सुरीची धार वर ठेवून मागच्या पायांपर्यंत सावकाश जावे. बोटांनी ओझरी खाली दाबलेली राहते आणि सुरी आतून बाहेर कापत जाते, त्यामुळे केसही कमी तुटतात. गुदद्वाराभोवती गोल कापून आतड्याचे टोक दोरीने बांधावे. मूत्राशयाची मान चिमटीत घट्ट धरूनच ते सोडवावे. मग छाती आणि पोट यांच्यामधला पडदा दोन्ही बाजूंनी कापून हात आत जाईल तितका पुढे न्यायचा, श्वासनलिका आणि अन्ननलिका पकडून कापायच्या आणि खाली ओढायचे. नीट झाले तर फुप्फुसांपासून आतड्यांपर्यंत सगळे एकाच ओढीत बाहेर येते. पहिल्या वेळी माझे नीट झाले नव्हते.

ओझरी फुटलीच, तर जवळच्या डबक्याचे पाणी ओतून धुण्याचा मोह टाळावा. त्या पाण्याने घाण जास्त पसरते आणि ओल राहते ती वेगळीच. डाग लागलेला भाग कापून टाकावा आणि उरलेले कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसून घ्यावे. धडधाकट जनावराच्या स्नायूच्या आत जिवाणू जवळजवळ नसतात. ते कातडीवरून, सुरीवरून आणि आतड्यांतून पृष्ठभागावर येतात, आणि त्यांना वाढायला ऊब व ओल दोन्ही लागतात. कच्च्या अन्नाविषयी ४ ते ६० अंशांचा पट्टा धोक्याचा मानतात आणि बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभराची मर्यादा सांगतात. अखंड हरणाच्या बाबतीत ती मर्यादा शब्दशः पाळता येत नाही, कारण मोठे धड तासाभरात गार होऊ शकत नाही. म्हणून ऊब उतरेपर्यंत निदान ओल आणि घाण तरी हातात ठेवायची असते.

कोथळा काढल्यावर बरगड्या काडीने फाकवून ठेवाव्यात आणि कातडे लगेच उतरवावे. कातडे म्हणजे हरणाच्या अंगावरचे घोंगडे. ते ठेवून मांस गार करणे म्हणजे घोंगडी पांघरून पंख्याखाली बसणे. पुष्कळ जण मांस स्वच्छ राहावे म्हणून कातडे घरापर्यंत तसेच नेतात. थंडीत ते ठीक आहे. गरम हवेत या सवयीची किंमत खुब्याच्या सांध्यापाशी मोजावी लागते, कारण मागच्या मांडीचा तो सर्वांत जाड भाग सगळ्यात शेवटी गार होतो आणि हाडालगतचे मांस आतल्या आत आंबते. बाहेरून मांडी तांबडी, कोरडी, निर्दोष दिसते. हाड काढल्यावर मात्र करडा रंग आणि आंबूस वास समोर येतो. एका हरणाच्या मांडीत मी काटेरी थर्मामीटर हाडाला टेकेपर्यंत खुपसून ठेवला होता. सोलून सावलीत टांगल्यावर तीन तासांनी, हवा २९ अंश असताना, वरचे मांस २७ अंश दाखवत होते आणि हाडाजवळचे अजून ३३. हवा कोरडी असली की ओलसर मांसावरचे पाणी उडून पृष्ठभाग हवेहूनही थोडा गार होतो, म्हणून २७. पण त्या आकड्यावर विसंबून मी निघालो असतो तर फसलो असतो. असा थर्मामीटर या संचात नाही. तो वेगळा घ्यावा आणि बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का, ते आधी पाहून घ्यावे.

आता पिशव्यांकडे येतो. या संचातली हीच वस्तू मला सर्वांत जास्त आवडली, आणि त्याचे कारण पूर्वीचा अनुभव आहे. त्याआधी मी ताणली जाणारी, मोठ्या भोकांची जाळीदार पिशवी वापरत असे. एका दुपारी झाडाला टांगलेल्या खांद्यावर, जिथे जाळी मांसाला अगदी चिकटली होती, तिथे पांढऱ्या कणांचा एक पुंजका दिसला. तांदळाच्या बारीक कणीसारखा, पण एकमेकांना चिकटून रांगेत लावल्यासारखा. निळ्या माशीने जाळीच्या भोकांतून अंडी घातली होती. उबदार हवेत ती एका दिवसाच्या आतच फुटून अळ्या बाहेर येतात. तेवढा भाग कापून टाकून बाकीचे मांस वाचवता आले. पण ती जाळी मी पुन्हा वापरली नाही. नव्या पिशव्यांचे विणकाम इतके घट्ट आहे की माशीला आत पोहोचता येत नाही, तरीही हवा खेळती राहते आणि मांसावर पातळ कोरडी साय धरते. ही साय जिवाणूंना आणि माशांना, दोघांनाही नकोशी असते. दमट हवेत ती नीट धरत नाही. अशा दिवशी टांगून वाट पाहण्यात अर्थ नसतो आणि बर्फाकडे लवकर वळावे लागते. पिशव्यांची तक्रार एकच: तोंडाची नाडी फार बारीक आहे आणि ओली झाली की तिची गाठ सुटत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र गरम मांस कधीही बांधू नये. ऊब आणि ओल दोन्ही तिच्यात कोंडून राहतात.

पेटीचा खरा दोष मला तिसऱ्या खेपेला कळला. तिचा तळ जवळजवळ सपाट आहे आणि निचऱ्याचे भोक तळाच्या किंचित वर आहे, त्यामुळे बूच उघडे ठेवले तरी बोटभर पाणी आत उरतेच. त्या पाण्यात रात्रभर पडलेला खांदा सकाळी फिकट आणि बिळबिळीत झालेला होता. रक्त मिसळलेल्या पाण्यात जिवाणू एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सहज जातात, म्हणून तो खांदा मी टाकून दिला. उत्पादकाने तळाला उतार दिला असता किंवा सोबत साधी जाळी दिली असती, तर हे टळले असते. आता मी तळाशी चार बोटे उंचीची तारेची जाळी ठेवतो आणि निचऱ्याची बाजू खाली राहील अशी दुसरीकडून पेटीखाली फळी सरकवतो. मांस सुती पिशवीतच राहते आणि बर्फ पाणी गोठवलेल्या दोन लिटरच्या बाटल्यांच्या रूपात वरून व बाजूंनी रचतो. गार हवा खाली उतरते, म्हणून बर्फ वर हवा. बाटलीतला मोठा गोळा चुऱ्यापेक्षा सावकाश वितळतो आणि वितळलेले पाणी बाटलीतच राहते. याच बाटल्या कोथळा काढल्यावर लगेच हरणाच्या पोकळीत ठेवल्या तरी फार उपयोग होतो. अशा रचनेत संध्याकाळी ३० अंशांवर ठेवलेली हाडासकट मांडी दुसऱ्या दिवशी सकाळी हाडाजवळ ६ अंशांवर आलेली होती.

६० लिटरमध्ये एका मध्यम हरणाचे मांस आणि बर्फ जेमतेम मावतात, तेही मागच्या पायांच्या नळ्या गुडघ्याच्या सांध्यातून वेगळ्या केल्यावर. बरगड्यांचा पिंजरा मावत नाही, त्यामुळे कणा न कापता चारही पाय, पाठीच्या दोन्ही पट्ट्या आणि मानेचे मांस सोडवून घ्यायची सवय मला लागली. तशीही ती सवय चांगलीच आहे: हरणांमधला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा आजार १९६७ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला, त्याला कारणीभूत असलेली प्रथिने मेंदू आणि मज्जारज्जूत साचतात आणि शिजवल्याने नष्ट होत नाहीत. सुरी तिकडे न नेलेलीच बरी, आणि हातमोजे घालावेत.

घाईने बर्फात घातलेले मांस चिवट होते, ही अनुभवी शिकाऱ्यांची तक्रार खरी आहे. मरणोत्तर ताठरता येण्यापूर्वीच स्नायू १० अंशांखाली गेला तर तो आकसतो, आणि हाडापासून सोडवलेला स्नायू जास्तच आकसतो. म्हणून जमेल तेव्हा मी पाय हाडासकट ठेवतो. पण पारा ३२ च्या वर असताना या शंकेपायी तासन्‌तास थांबणे मला पटत नाही; चिवट मांसाचा खिमा करता येतो, आंबलेल्याचे काहीच करता येत नाही. सुका बर्फ मी या पेटीत एकदाच वापरला. तो उणे ७८.५ अंशांवर असतो, त्याला टेकलेले मांस दगडासारखे गोठते आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला या घट्ट रबरी पट्टीतून वाट मिळत नाही. तो वापरायचाच असेल तर कड्या सैल ठेवाव्यात आणि गाडीच्या काचा उघड्या.

एकाच दिवसात घरी परतणाऱ्याला ही पेटी मी सुचवणार नाही. साधी हलकी पेटी, भरपूर गोठवलेल्या बाटल्या आणि या सुती पिशव्या एवढे त्याला पुरे आहे. दोन-तीन दिवस रानात राहणाऱ्यांनी मात्र तिचे वजन सोसावे. पिशव्या गार पाण्यात भिजवून, उकळून दोन हंगाम टिकल्या आहेत. पेटी धुताना निचऱ्याच्या बुचामागची रबरी चकती काढूनच धुवावी. पहिल्या हंगामानंतर मी ती काढली नव्हती, पेटीला वास का येतो हे महिनाभर शोधत होतो, आणि शेवटी त्या चकतीखाली वाळलेल्या रक्ताचे काळे कडे सापडले.