सीएनजी की इलेक्ट्रिक? पेट्रोलला विटलेल्या इंदूरकरासाठी

इंदूरच्या राजेंद्रनगरातून रोज कामाला पिथमपूर गाठणाऱ्याला पेट्रोलची गाडी का परवडत नाही, हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे मध्य प्रदेशात पेट्रोलवर राज्याचा 29 टक्के व्हॅट, वर लिटरमागे अडीच रुपये आणि 1 टक्का सेस. 2021 च्या नोव्हेंबरात 33 चे 29 झाले म्हणून आपण हायसं वाटून घेतलं होतं. पण हा व्हॅट केंद्राचं उत्पादन शुल्क मिसळलेल्या किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. रस्त्यांसाठी, शाळांसाठी कर द्यायला माझी ना नाही, पण तो पगार बघून घ्यावा, कामावर जायचं अंतर बघून नव्हे. बडोद्याला मावशीकडे जाताना आम्ही पिटोलला राज्याची सीमा ओलांडण्यापुरतंच पेट्रोल टाकायचो, टाकी गुजरातेत दाहोदला फुल करायचो. लिटरमागे दहा रुपयांहून जास्त फरक. तीच गाडी, तोच रस्ता, आणि आपण मात्र आपल्याच राज्यात महाग.

त्यामुळे प्रश्न उरतो तो सीएनजी की इलेक्ट्रिक एवढाच. मी साडेतीन वर्षं सीएनजी चालवली, गेल्या वर्षापासून इलेक्ट्रिक चालवतो आहे. ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून जे अनुभवलं ते लिहितो.

पैशाच्या बाबतीत सीएनजीने मला फसवलं नाही. पेट्रोलवर महिन्याला सात हजार जायचे, ते चारच्या आत आले. मात्र 2022 मध्ये गॅसचे भाव भराभर चढले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सीएनजी म्हणजे नैसर्गिक वायूच, आणि पेट्रोल-डिझेलप्रमाणे तोही जीएसटीच्या बाहेर आहे. म्हणजे पंप बदलला, पण भाव आणि कर ठरवणारे हात तेच. डिकी गेली, दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी आली, चढावर गाडी जरा दमते. हे सगळं सहन करण्यासारखं आहे, आणि मी केलंही.

सहन झालं नाही ते पंपावरचं उतरणं.

सीएनजी भरताना गाडीत कुणी बसायचं नाही, हा नियम आहे आणि योग्यच आहे. माझी आई 78 वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेले. तिला रामबागेत मामाकडे किंवा डॉक्टरांकडे न्यायचं, वाटेत काटा तळाला आलेला, म्हणून लाइनीत लागायचं. अर्धा तास, कधी पाऊण तास. नंबर आला की पंपावरचा मुलगा वाकून म्हणायचा, “अम्माजी को भी उतारना पड़ेगा, भैया.” त्याचा काही दोष नाही. मग मी दार उघडायचो, तिचे पाय बाहेर घ्यायचो, ती माझ्या खांद्याला धरून उभी राहायची. मेच्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. पाच मिनिटांनी तोच सगळा प्रकार उलटा. एकदा एवढं सगळं केल्यावर कळलं, प्रेशर नाही, अर्धाच भरेल. आई काही बोलली नाही. पण त्यानंतर कुठे जायचं म्हटलं की ती आधी विचारायची, “गॅस आहे ना रे?” आणि नाही म्हटलं की, “मग राहू दे, पुढच्या आठवड्यात जाऊ.” मामाकडे जाणं तिने असं दोनदा टाळलं. माझा निर्णय तिथेच झाला.

इलेक्ट्रिक रात्री घरच्या पार्किंगमध्ये लावतो, सकाळी निघतो. हजारेक किलोमीटरला विजेच्या बिलात अकराशे-बाराशे रुपये वाढतात. विजेवरही शुल्क आहे, दरही वाढतात, तेव्हा करातून सुटलो असं म्हणवत नाही. पण रोज सकाळी बोर्डावरचा भाव बघून होणारा संताप संपला. गाडी घेताना जीएसटी 5 टक्केच लागला, तरी एकूण किंमत सीएनजीपेक्षा बरीच जास्त पडली. ती कधी वसूल होईल, हे तुमच्या रोजच्या किलोमीटरवर आहे. दिवसाला दहा-पंधराच होत असतील तर घाई करू नका.

पुण्याचा प्रवास मात्र बदलतो. जाताना मानपूरच्या पुढचा घाट उतरताना बॅटरी थोडी भरतेही. येताना त्याच चढावर टक्के डोळ्यांदेखत उतरतात. वाटेत एका ठिकाणी दोनपैकी एक चार्जर बंद होता, समोरच्याचं होईपर्यंत तासभर बसलो. वर्षातून दोनदा मी ते चालवून घेतो. तुमचं महिन्यातून दोनदा पुणे होत असेल तर सीएनजीच बरी, कारण गॅस संपला तरी पेट्रोलवर पुढे जाता येतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी सोसायटीकडून पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरची लाइन घेण्याची लेखी परवानगी मिळवा, लोड वाढवावा लागेल का ते विचारा आणि अर्थिंग तपासून घ्या. परवानगी मिळत नसेल तर निवड सीएनजीची, त्यात वाईट काही नाही. फक्त पैसे भरण्याआधी एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून, कुणाच्या तरी सीएनजी गाडीतून पंपाच्या लाइनीत लागून बघा.